वॉल्व्हच्या पेटीतली आई

अनिमेषला मी आता घरात घेत नाही. पूर्वी भावजी म्हणायचे, थंडीत चुडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, करून त्याची वाट पाहायचे. आता नुसता अनिमेष, आणि तोही दाराबाहेर. काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीतल्या बायका मला भाजीवाल्यापाशी गाठतात आणि विचारतात, सख्ख्या दिराशी एवढं काय वाकडं आलं? जमीन नाही, दागिने नाहीत, मग भांडलात कशावरून? मी म्हणते, आवाजावरून. त्यांना वाटतं, ही टाळते आहे. टाळत नाही बाई मी. आवाजावरूनच भांडण झालं, आणि ते मिटवायची मला काही घाई नाही.

आमचे हे, म्हणजे यज्ञेश्वर, रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. सगळी नोकरी गोंडा, गोरखपूर, बस्ती अशा बदल्यांत गेली आणि निवृत्त झाल्यावर आम्ही काशीला परत आलो. स्वभावानं अबोल माणूस. भाजीत मीठ नसेल तर मुकाट्यानं जेवतील आणि दोन दिवसांनी सांगतील, परवा मीठ राहिलं होतं बहुतेक. कुणावर विश्वास टाकला की टाकला, मग तपासत बसायचं नाही. बाकी सगळ्या गोष्टी तपासतात. घरातला एक प्लग यांनी उघडून बघितलेला नाही असं व्हायचं नाही.

सासूबाईंचा गळा फार गोड होता म्हणतात. म्हणतात, कारण मी तो कधी ऐकलाच नाही. हे शाळेत होते तेव्हा त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरला तो घोगरा, हवा सुटल्यासारखा. मी सून होऊन आले तेव्हा तोच होता आणि शेवटपर्यंत तोच राहिला. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनी कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला, बायकोला समोर बसवलं आणि तिच्याकडून सगळ्या भूपाळ्या, गंगेची स्तोत्रं गाऊन घेतली. एक कॅसेट भरली. सासूबाईंनी ती पुढे कुणाला लावू दिली नाही. गेलेल्या गळ्याचं काय ऐकायचं, म्हणायच्या. त्यांच्या पूजेच्या पत्र्याच्या डब्यात, जपमाळेच्या खाली ती कॅसेट पडून असायची.

यांना ती ऐकायची होती. आयुष्यात या माणसानं दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. आई आहे तोवर तिच्या मनाविरुद्ध लावायची नाही, नंतर मात्र निवांत बसून ऐकायची, असं यांनी ठरवून ठेवलं होतं. लहानपणी रोज ऐकलेला आवाज कानात होता आणि तो पुन्हा ऐकायचा होता. एवढंच.

सासूबाई राहायच्या अनिमेषकडे. तो यांच्याहून दहा वर्षांनी धाकटा, अहिल्याबाई घाटाजवळ राहतो, पौरोहित्य करतो. महाराष्ट्रातून श्राद्धाला येणारी माणसं त्याच्याकडे उतरतात. आम्ही बदल्यांमध्ये फिरत होतो, म्हाताऱ्या आईचं सगळं त्यानं आणि त्याच्या बायकोनं केलं. ते मी नाकारत नाही. नाकारलं तर माझ्याच तोंडाला काळं.

सासूबाई गेल्या. तेरावं झालं आणि त्यांच्या रोजच्या पूजेतल्या वस्तू गंगेत सोडायच्या ठरल्या. जपमाळ, गोमुखी, पानं सुटलेली पोथी. अशा वस्तू आमच्याकडे घरातही ठेवत नाहीत आणि कचऱ्यात तर नाहीच टाकत. अनिमेषनं सगळं पिवळ्या फडक्यात बांधून आणलं. मुन्शी घाटावरून नाव केली, मध्यावर गेल्यावर त्यानं गाठोडं यांच्या हातात दिलं. "तू मोठा आहेस, दादा. तू सोड." यांनी कपाळाला लावलं आणि सोडलं. मीही नावेत होते, मी हात जोडले.

घरी आल्यावर यांनी कॅसेट मागितली. अनिमेष म्हणाला, तिला बुरशी धरली आहे, अशीच लावली तर फीत तुटेल. इंदूरला अशा कॅसेट नीट करणारा एकजण आहे, त्याच्याकडे पाठवतो. आम्ही म्हटलं बरं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि एक दिवस तो पेन ड्राइव्ह घेऊन आला. "कॅसेट काही वाचली नाही, दादा. पण आवाज उतरला. जसाच्या तसा."

यांनी लगेच लॅपटॉप उघडला. मी कणीक मळत होते, तशीच पिठाच्या हातानं येऊन उभी राहिले. भूपाळी सुरू झाली. शब्द तेच, चाल तीच, हेलसुद्धा या घरातला. यांनी थोडं ऐकलं आणि म्हणाले, "ही आई वाटत नाही गं."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, म्हणून सांगते. पहिल्याच कडव्याला ते बरोबर बोलले होते.

अनिमेष समोर बसला होता. तो म्हणाला, "डिजिटल असंच असतं रे. चपटं. कॅसेटमधला गोडवा लॅपटॉपमधून कुठून येणार?" झालं. यंत्रात काहीतरी कमी आहे म्हटल्यावर सिग्नलवाल्या माणसाला दुसरं काय हवं? आई वाटत नाही ही गोष्ट बाजूला राहिली आणि लॅपटॉप कसा वाईट आहे यावर दोघे तासभर बोलले.

मग आली ती पेटी. तिला डॅक म्हणतात. फाइलीत म्हणे नुसते आकडे असतात, त्या आकड्यांचा परत आवाज करायचं काम ही करते. लॅपटॉपच्या पोटातही असली एक असते, पण ती पोट भरण्यापुरती. यांनी मागवली ती वॉल्व्हवाली. जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असायच्या, तापल्या की आत लाल दिसायच्या, तशा दोन तिच्या डोक्यावर उभ्या. त्यांतून गेला की आवाज गोल होतो, मऊ होतो, असं यांनी मला समजावलं. मी म्हटलं, माझ्यावर पण एखादी बसवा.

आली तशी वापरली तर ते यज्ञेश्वर कसले. आधी तिच्यात गुणगुण होती, आमच्या गल्लीतली बिजली कशी ते काय सांगू. यांनी ट्रान्सफॉर्मर बाहेर काढून वेगळ्या डब्यात बसवला, गुणगुण थांबली. मग कपॅसिटर. वॉल्व्हमधून निघालेला आवाज ज्या कपॅसिटरमधून बाहेर पडतो तो बदलला की आवाजाचा पोत बदलतो. यांनी तेलात भिजवलेल्या कागदाचे मागवले, ते आवडले नाहीत, दुसरे मागवले. नवीन कपॅसिटर घातला की तो मुरावा लागतो, म्हणून पेटी आठवडा आठवडा गात ठेवायची, कुणी ऐको न ऐको. मी म्हणायचे, लोणचं घातलंय का? मुक्ता, आमची मुलगी, सुट्टीला आली की हिंदीत वैतागायची, "पापा, आजी भी थक गई होंगी, अब बंद करो." यांच्यावर काही परिणाम नाही. दालमंडीतल्या एका जुन्या रेडिओवाल्याकडून यांनी डबाभर जुने वॉल्व्ह आणले. एकेक बसवायचा, पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारायची, स्पीकरमधून टिंग ऐकू आलं की तो बाद. ऐकायला बसायच्या आधी पेटी अर्धा तास तापवायची. देवाला नैवेद्य दाखवताना मी एवढी कळ काढत नाही.

आणि दर रविवारी अनिमेष यायचा. यजमान आटोपून, जेवून, कपाळावरचं गंध तसंच. वेताच्या खुर्चीत बसायचा, डोळे मिटायचा. हे भूपाळी लावायचे आणि परीक्षेचा निकाल ऐकावा तसे त्याच्याकडे बघत बसायचे. तो थोडा वेळ घ्यायचा आणि सांगायचा, "पातळ येतंय अजून. आईचा आवाज जाड होता, दादा. भरदार." हे लगेच मान डोलवायचे. पुढच्या रविवारपर्यंत काहीतरी उचकटलेलं असायचं. "आता बरंय. पण खालचा सूर अजून भरला पाहिजे." परत पेटी उघडी. कधी म्हणायचा, नाकात येतंय. कधी म्हणायचा, हे वॉल्व्ह काढ, मागचे बरे होते. यांना स्वतःला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. त्यांचा भाऊ आईजवळ राहिला होता, त्याला जास्त माहीत, असं आम्ही दोघांनी धरून चाललं होतं. मी दोघांना चुडा-मटर नेऊन देत होते, मूर्ख बाई.

अशी वर्षं गेली. एका रविवारी यांनी वॉल्व्हला मिळणारा करंट थोडा वाढवला होता, एक रेझिस्टर बदलून. भूपाळी लावली. खरंच सांगते, मलासुद्धा काटा आला. खोलीत एक बाई येऊन बसल्यासारखं वाटलं, जाड, मायाळू गळ्याची. मध्ये कुकरची एक शिट्टी वाजायची, तीही स्पष्ट आली. हे म्हणायचे, आईनं गाता गाता भात लावला असणार. यांनी चष्मा काढला आणि रडायला लागले. सासूबाई गेल्या तेव्हाही हे असे रडले नव्हते. "आली," म्हणाले. अनिमेषचेही डोळे भरले होते. तो म्हणाला, "हीच. हीच आई." त्या दिवसापासून सकाळी पूजेच्या आधी पेटी तापायची आणि सासूबाई गायच्या. मला आवडायचं ते. ज्यांना मी कधी गाताना ऐकलं नाही त्या सासूबाई माझ्याशी ओळख करून घेताहेत असं वाटायचं.

गेल्या कार्तिकात बकुळमावशी आल्या. त्या सासूबाईंची धाकटी बहीण, इंदूरला असतात. गुडघे गेलेत पण तोंड तेच आहे. त्यांना पंचगंगा घाटावर स्नान करायचं होतं, आकाशदीप बघायचे होते, आणि आमचं घर तिथून जवळ. तरी अनिमेष हट्ट धरून बसला, मावशी माझ्याकडेच राहील, माझ्याकडे खालची खोली आहे, पायऱ्या नाहीत. मला वाटलं, किती माया करतो. मावशी ऐकेनात, त्या आमच्याकडे आल्या.

रविवारी हे लहान मुलासारखे उतावीळ झाले होते. मावशीला न सांगता ताईचा आवाज ऐकवायचा होता. पेटी सकाळपासून तापत ठेवली. अनिमेष आला तो दारातच थबकला. "मावशी दमली आहे, दादा. आज राहू दे." हे म्हणाले, "बस रे." आणि भूपाळी लावली.

मावशी ऐकत राहिल्या. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मी त्यांच्याकडेच बघत बसले. त्यांनी मांडीवर थाप मारली. "अरे, हे तर माझं आहे."

हे हसले. "मावशी, आईचं आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं."

"वेडा का काय? मी मला ओळखणार नाही? थांब, ही ओळ संपली की कुकरची शिट्टी होईल बघ. तुझे काका म्हणाले होते, परत म्हण, शिट्टी आली. मी म्हटलं, मी नाही बाई आता." ओळ संपली आणि शिट्टी झाली. मावशी खूश होऊन आमच्या तोंडाकडे बघत होत्या. "अनिमेष घेऊन गेला होता की माझी कॅसेट. आठवण म्हणून हवी म्हणाला. पण काय रे, किती भरदार केलास माझा आवाज. मी अशी कुठे गात होते."

पेटी गात होती. मावशींना काही कळेना, त्या हळूहळू हसायच्या थांबल्या. यांनी अनिमेषकडे बघितलं.

"आईची कॅसेट कुठे आहे?"

"गंगेत," अनिमेष म्हणाला.

"कधी टाकलीस?"

"गाठोड्यात होती. पोथीच्या आत." तो खाली बघत होता. "तूच सोडलीस, दादा."

मी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. त्या दिवशी उगारला असता, पण मावशी मध्ये बसल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, तुम्ही बांधून दिलंत आणि आता यांच्यावर टाकता?" तो म्हणाला, "वहिनी, मी रोज लोकांना सांगतो, गेलेल्याचं काही धरून ठेवू नका, त्याला पुढे जाऊ द्या. आणि माझ्याच आईचा आवाज मी डब्यात कोंडून ठेवू? मला ते बरोबर वाटत नव्हतं. दादाला विचारलं असतं तर त्यानं दिली नसती."

"नसती दिली," हे म्हणाले.

"घरी आल्यावर तू मागितलीस, तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघून मला सांगवेना. वाटलं, दोघी एकाच आईकडे शिकल्या, गाणी तीच, चाल तीच. तुला समाधान होईल."

"आणि दर रविवारी जाड करा, जाड करा, ते कशासाठी?" मी विचारलं. "आम्ही किती मूर्ख आहोत ते बघायला?"

तेव्हा तो रडायला लागला. "नाही हो वहिनी. मला खरंच वाटायचं. आवाज बदलत चालला तसं मलाही वाटायला लागलं, की आई येते आहे. मलाही हवी होती ती." क्षणभर मला त्याची कीव आली. पण लगेच डोळ्यांसमोर यांचा वाकलेला पाठीचा कणा आला, हातात सोल्डरिंग आयर्न, आणि समोर खुर्चीत डोळे मिटून बसलेला हा. त्यानं एकदा खोटं बोलून तोंड लपवलं असतं तर मी समजून घेतलं असतं. हा दर आठवड्याला येऊन ते खोटं घासूनपुसून चकचकीत करून घेत होता, आणि तेही फसवलेल्या माणसाच्याच हातून.

यांनी पेटी बंद केली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "आईचं ऑपरेशन झालं तेव्हा तू केवढा होतास?"

"चार-पाच वर्षांचा."

"मग तिचा आवाज जाड होता हे तुला कसं माहीत?"

"तसा असणार असं वाटायचं," तो म्हणाला. "आईचा आवाज."

हे म्हणाले, "जा तू आता." मी उठून दार उघडलं आणि तो बाहेर जाईपर्यंत धरून उभी राहिले.

मावशींनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानाला जायचं टाळलं. माझ्यामुळे झालं, मीच बोलले, असं म्हणून त्या डोळ्यांना पदर लावत होत्या. हे त्यांच्याजवळ जाऊन बसले, त्यांचा हात हातात घेतला. "मावशी, तू नको वाईट वाटून घेऊस. मला एवढंच सांग, आईचा आवाज कसा होता?"

"ताईचा?" मावशींना लगेच आठवलं, विचारच करावा लागला नाही. "बारीक. तारेसारखा पातळ, वर चढायचा तर कुठल्या कुठे. माझा तिच्यामानानं जाड, म्हणून आमची आई मला नेहमी मागे बसवायची."

हे उठले, पेटीचं झाकण काढलं आणि इतक्या वर्षांत घातलेलं एकेक काढायला लागले. कपॅसिटर, रेझिस्टर, दालमंडीतले वॉल्व्ह. पेटी आली तेव्हाचे मूळ भाग यांनी टाकून दिलेले नव्हते, ते परत बसवले. दोन दिवस गेले त्यात. मी जेवायला बोलावलं की यायचे, जेवायचे, परत जाऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी भूपाळी लावली. आवाज चपटा, कोरडा आला, लॅपटॉपवर पहिल्यांदा आला होता जवळजवळ तसा. मावशी म्हणाल्या, "हां, ही मी." हे डोळे मिटून बसले होते. शिट्टी होऊन गेली, भूपाळी संपली, पुढची सुरू झाली, संपली, तरी हे तसेच.

मी जवळ गेले. "येतंय का काही?"

"पेन ड्राइव्ह आणला त्या दिवशी मला लगेच कळलं होतं, ही आई नाही," ते म्हणाले. "म्हणजे तेव्हा खरी कानात होती. म्हणून तर कळलं. आता ती शोधतोय." त्यांनी कपाळ चोळलं. "मावशी म्हणते बारीक होता. असेलच. पण आई म्हटलं की मला जाड आवाज ऐकू येतो. मी केलेला. बारीक असा काही येतच नाही."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कॅसेट गेली ते मी सोसलं असतं, सुनीती," ते म्हणाले. "आई माझ्या कानात होती की. ती मी माझ्या हातानं थोडी थोडी पुसली, आणि तो समोर बसून सांगत होता कुठे राहिलीय."